झोपेची तपासणी आणि सीपॅप मशीन: इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरच्या एका स्लीप लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. रात्रभर शेजारच्या खोलीत बसून झोपलेल्या माणसाचा श्वास पडद्यावर बघत राहणं, हे माझं काम. विषय आहे स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत घसा बंद होऊन श्वास थांबण्याचा आजार, आणि त्यावरचं, मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन. लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर, रामबाग अशा भागांतून येणारी आपली मंडळी तपासणीआधी आणि मशीन घरी गेल्यावर जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. मशीन कपाटात जातं ते बहुतेक वेळा पहिल्या काही आठवड्यांत, आणि कारणं दुरुस्त होण्यासारखी असतात: रुतणारा मास्क, कोरडा घसा, डोळ्यांत येणारी हवा. त्यामुळे त्या आठवड्यांबद्दल मी जरा जास्त लिहिलं आहे. औषधं, प्रेशर आणि ऑपरेशन यांचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांचाच.

आमचे हे घोरतात, पण झोप अगदी गाढ लागते. उशीला डोकं टेकलं की संपलं. मग तपासणी कशाला?

उशीला डोकं टेकताच झोप लागणं हेच कधीकधी लक्षण असतं. शरीर इतकं थकलेलं असतं की मिळेल त्या क्षणी झोपतं. नुसतं घोरणं हा आजार नाही. पण घोरता घोरता मध्येच आवाज बंद होतो, काही सेकंद शांतता, आणि मग एकदम धापेसारखा मोठा श्वास, असं होत असेल तर तपासणी हवीच. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि ओल्या कागदी नळीसारखा घसा आतून चिकटतो. छाती-पोट हलत असतं, श्वास घ्यायची धडपड चालू असते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो, पुन्हा झोप. सकाळी यातलं काही आठवत नाही. म्हणून शेजारी झोपणाऱ्या माणसाची साक्ष फार मोलाची. वहिनी, शक्य झालं तर मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून आणा. डॉक्टरांना तो दहा प्रश्नांपेक्षा जास्त सांगतो.

आणखी कशावरून संशय यावा?

दिवसा पेंग येणं, सकाळी डोकं जड किंवा दुखणं, तोंड कोरडं पडून जाग येणं, चिडचिड, विसराळूपणा, दोन-तीन औषधं घेऊनही न उतरणारं बीपी. आणि एक लक्षण, जे लोक प्रोस्टेट किंवा शुगरच्या खात्यात टाकतात: रात्रीतून अनेकदा लघवीला उठणं. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीतला दाब बदलतो, हृदयाच्या वरच्या कप्प्यावर ताण येतो आणि तिथून लघवी वाढवणारं संप्रेरक बाहेर पडतं. उपचार सुरू झाल्यावर कित्येक काकांचं रात्रीचं उठणं कमी होतं, आणि त्यांना सर्वांत जास्त आनंद त्याचाच होतो.

एपवर्थ नावाची ८ प्रश्नांची साधी यादी असते. टीव्ही बघताना, गाडीत बसल्यावर, दुपारी जेवणानंतर किती पेंग येते, असं विचारतात. २४ पैकी १० च्या वर गुण गेले तर पेंग नेहमीपेक्षा जास्त आहे असं धरतात. भोपाळला किंवा आग्रा-मुंबई रस्त्यावर गाडी चालवताना एकदाही डुलकी लागली असेल, तर गुण मोजत बसू नका. आधी डॉक्टरांना भेटा आणि निदान होईपर्यंत लांबची गाडी दुसऱ्याच्या हातात द्या.

बायकांना हा आजार होतो का? आई घोरते, पण ते कुणाला सांगायचंही नाही असं तिचं म्हणणं.

होतो, आणि रजोनिवृत्तीनंतर बराच वाढतो. हा प्रश्न मला फार जवळचा आहे, कारण आपल्या घरांत बाईचं घोरणं लाजिरवाणं मानतात. पाहुण्यांकडे मुक्काम करायचा नाही, सुनेच्या खोलीशेजारी झोपायचं नाही, एवढंच करून विषय मिटवतात. शिवाय बायकांची लक्षणं नेहमीच्या चित्रात बसत नाहीत. घोरण्याची तक्रार कमी. झोप लागत नाही, सारखी मोडते, अंगात त्राण नाही, मन उदास आहे, सकाळी डोकं ठणकतं, अशा तक्रारी जास्त. मग थायरॉइड तपासतात, रक्त वाढवायच्या गोळ्या देतात, कुणी झोपेची गोळी लिहून देतं. ते सगळं तपासावंच. थायरॉइड कमी असेल तर त्यानेही श्वास अडखळतो. पण श्वासाची तपासणी राहून जाऊ देऊ नका. आई तयार नसेल तर ‘तुझ्या डोकेदुखीसाठी जाऊ’ असं म्हणून घेऊन या. ते खोटंही नाही.

बाबा तर सडपातळ आहेत. त्यांना कसं होईल?

वजन हे मोठं कारण आहे, एकमेव नाही. खालचा जबडा मागे असणं, टॉन्सिल मोठे असणं, जीभ जाड असणं, यानेही घसा अरुंद होतो. आशियाई लोकांत जबड्याच्या ठेवणीमुळे कमी वजनातही हा आजार दिसतो. लहान मुलांमध्ये तर टॉन्सिल आणि ॲडिनॉइड (नाकामागची गाठ) हेच मुख्य कारण, आणि तिथे पहिला उपचार सहसा ते काढण्याचाच असतो.

तपासणी घरी करावी की लॅबमध्ये?

घरच्या तपासणीत नाकाला नळी, छातीला पट्टा आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप, एवढंच असतं. लक्षणं स्पष्ट असतील आणि दुसरा मोठा आजार नसेल तर ती पुरते. हृदय कमजोर असणं, सीओपीडी (फुफ्फुसांच्या श्वासवाटा अरुंद होण्याचा जुनाट आजार), पक्षाघात झालेला असणं, दुखण्यावरची अफूजन्य औषधं चालू असणं, अशा वेळी लॅबच हवी.

घरच्या तपासणीत मेंदूच्या लहरी नसतात. म्हणजे माणूस खरा किती झोपला हे यंत्राला कळत नाही, आणि श्वास अडखळण्याची संख्या मशीन लावलेल्या सगळ्या तासांनी भागली जाते. तुम्ही तीन तास जागे पडून होतात तर आकडा खोटा कमी येतो. घरचा रिपोर्ट नॉर्मल आला पण पेंग आणि घोरणं तसंच असेल, तर ‘नॉर्मल आहे’ म्हणून थांबू नका. लॅबमध्ये पुन्हा तपासा.

लॅबमध्ये येताना काय तयारी करायची?

डोकं शॅम्पूने धुऊन, कोरडं करून या. तेल अजिबात नको. ही सूचना आमच्याकडे सर्वांत जास्त मोडली जाते, विशेषतः आजीकडून. तेलावर डोक्याचे सेन्सर टिकत नाहीत आणि मध्यरात्री मला तुम्हाला उठवावं लागतं. निदान एका बोटाची नेलपॉलिश किंवा मेंदीचा गडद थर नसावा, कारण क्लिप नखातूनच बघते. त्या दिवशी दुपारची झोप टाळा आणि दुपारनंतर चहा-कॉफी नको. रोजच्या गोळ्या नेहमीप्रमाणे घ्या आणि त्यांची चिठ्ठी आणा. झोपेची गोळी घेत असाल तर बंद करायची की नाही हे डॉक्टरांना आधी विचारा, स्वतःहून बंद करू नका. स्वतःची उशी, सैल सुती कपडे, चष्मा, दातांची कवळी असेल तर तिची डबी. घरचं माणूस सोबत आणायला हरकत नसते, पण काही ठिकाणी त्याला बाहेर झोपावं लागतं. आधी फोन करून विचारा.

एवढ्या वायरी लावल्यावर झोप कशी येणार?

येते. नेहमीसारखी नाही, पण निदानापुरती बहुतेकांना येते. डोक्याला मेंदूच्या लहरींसाठी, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला आणि पायांना सेन्सर, छातीवर ईसीजी, छाती-पोटाला दोन पट्टे, नाकाजवळ नळी, बोटाला क्लिप. लावायला पाऊण तास ते एक तास लागतो. सुई कुठेही नाही, करंट लागत नाही, दुखत नाही. लघवीला जायचं असेल तर हाक मारा. सगळ्या वायरी एका डबीत जातात, ती काढून गळ्यात अडकवली की तुम्ही मोकळे. खोलीत कॅमेरा असतो, तो कुशी बदलणं आणि हातपाय हलणं बघण्यासाठी. हे आधी सांगितलेलं बरं, कारण मध्यरात्री वर लाल दिवा दिसला की माणूस दचकतो.

पहिल्या रात्री नव्या जागी झोप हलकी लागते हे आम्हाला माहीत असतं, वाचणाऱ्या डॉक्टरांनाही. ‘मी तर झोपलोच नाही’ असं सकाळी म्हणणाऱ्यांची कित्येकदा चार-पाच तासांची झोप पडद्यावर नोंदलेली असते.

कधीकधी अर्धी रात्र तपासणी आणि उरलेली अर्धी मशीन लावून, असं एकाच रात्रीत करतात. पहिल्या दोन-तीन तासांतच त्रास खूप दिसला तर मी रात्री एक-दीडला तुम्हाला उठवून मास्क लावीन. तेव्हा घाबरू नका. काही बिघडलं म्हणून नव्हे, दुसरी रात्र वाचावी म्हणून ते असतं.

रिपोर्टमध्ये एएचआय ३८ लिहिलंय. म्हणजे किती वाईट?

एका तासाच्या झोपेत सरासरी किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला, ती संख्या. थांबा निदान १० सेकंदांचा असेल तरच मोजतात. ५ पेक्षा कमी म्हणजे नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० आणि त्यावर तीव्र. ३८ म्हणजे सरासरी दीड-पावणेदोन मिनिटांना एकदा.

पण एकटा हा आकडा बघू नका. ऑक्सिजन किती खाली गेला आणि ९० टक्क्यांच्या खाली किती वेळ राहिला, ते बघा. उताणं झोपल्यावर आणि कुशीवर असताना आकडा वेगळा आहे का, स्वप्नांच्या झोपेत तो एकदम वाढतो का, हेही. एखाद्याचा एएचआय १८ असतो, पण ऑक्सिजन ७० पर्यंत उतरतो. त्याची मला ३८ वाल्यापेक्षा जास्त काळजी वाटते. रिपोर्टची सगळी पानं घ्या, नुसता शेवटचा निष्कर्ष नको.

मशीन ऑक्सिजन देतं का?

नाही. खोलीतलीच हवा गाळून, थोड्या दाबाने नाकात सोडतं. त्या दाबामुळे घसा आतून उघडा राहतो, एवढंच. दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात, बहुतेक मशीन ४ ते २० च्या दरम्यान चालतात. ही कल्पना ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांची, १९८१ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. ठरलेल्या एकाच दाबाचं ते सीपॅप, गरजेनुसार दाब स्वतः कमी-जास्त करणारं ते ऑटो सीपॅप, आणि श्वास घेताना जास्त, सोडताना कमी दाब देणारं ते बायपॅप. बायपॅप महाग म्हणून चांगलं, असं नाही. ते काही ठराविक रुग्णांनाच लागतं. ऑक्सिजनचं सिलिंडर किंवा कॉन्सन्ट्रेटर हा या आजाराचा पर्यायी उपचार नव्हे. घसा बंदच असेल तर ऑक्सिजन जाणार कुठून?

मास्क कोणता घ्यावा? दुकानदार म्हणतो, तोंड-नाक झाकणारा घ्या, सेफ असतो.

बहुतेकांनी सुरुवात नाकाच्या मास्कने करावी असं माझं ठाम मत आहे. आकार लहान, हवा कमी निसटते, चष्मा लावता येतो, कोंडल्यासारखं कमी वाटतं. नाक कायम चोंदलेलं असेल किंवा तोंड उघडं पडतच असेल तर मोठा मास्क. मिशी-दाढी असेल तर नाकपुडीत टेकणाऱ्या छोट्या उशा उत्तम बसतात.

मास्क बसवून बघायचा तो आडवं पडून, मशीन चालू करून. दुकानात खुर्चीवर बसून अगदी छान बसलेला मास्क कुशीवर वळलं की निसटतो, कारण आडवं झाल्यावर चेहऱ्याची ठेवण बदलते. कवळी काढून झोपत असाल तर ती काढूनच माप द्या. आणि पट्टे ओढू नका! हवा निसटली की माणूस पट्टा घट्ट करतो, त्याने सिलिकॉनची कड दुमडते आणि आणखी हवा निसटते, वर नाकाच्या दांडीवर जखम. आधी मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून, हवेने फुगू देऊन पुन्हा टेकवा. पट्ट्याखाली बोट सहज जायला हवं. रात्री चेहऱ्याला साय, क्रीम किंवा खोबरेल लावायची सवय असेल तर मास्कपुरती ती जागा सोडा. तेलकट कातडीवर सिलिकॉन घसरतं आणि लवकर खराबही होतं.

मास्क लावला की गुदमरल्यासारखं होतं. मला नाही जमणार.

हे वाक्य मी सर्वांत जास्त ऐकते, आणि ते बोलणाऱ्यांतले पुष्कळजण पुढे मशीनशिवाय झोपत नाहीत. घाई करू नका. पहिले काही दिवस मशीन रात्री लावूच नका, दिवसा लावा. संध्याकाळी मालिका बघताना मास्क नुसता हाताने नाकाला धरा, पट्टे न लावता. मग पट्टे लावून. मग मशीन चालू करून, बसल्या बसल्या. मग दुपारी पंधरा-वीस मिनिटं आडवं होऊन. ज्या पायरीवर जीव घाबरतो त्याच्या एक पायरी मागे या आणि तिथे दोन दिवस थांबा. या प्रकाराने मास्क काढायचा हात आपल्याच ताब्यात आहे हे मनाला पटतं, आणि भीती तिथेच निम्मी होते.

मशीनमध्येही मदत असते. रॅम्प चालू करा, म्हणजे दाब हळूहळू चढतो. श्वास सोडताना दाब कमी करायची सोय बहुतेक मशीनमध्ये असते, ती चालू आहे का ते बघा. गंमत अशी की काहींना हवा जास्त झाल्यामुळे नाही, कमी पडल्यामुळे गुदमरतं. रॅम्प ४ पासून सुरू होतो आणि मोठ्या अंगाच्या माणसाला तो अपुरा वाटतो. अशा वेळी सुरुवातीचा दाब वाढवून घेतला की तक्रार जाते. म्हणून ‘गुदमरतं’ एवढंच सांगू नका. श्वास घेताना की सोडताना, सुरुवातीला की पहाटे, ते सांगा.

घरच्यांसाठी एक विनंती. पहिल्या रात्री मास्क बघून हसू नका, नातवंडांनाही नीट समजावून सांगा. घरातल्या एका हसण्याने मशीन कायमचं कपाटात गेलेलं मी पाहिलं आहे.

रात्री तीनला नकळत काढून टाकतो. चार तास तर झाले ना?

चार तास हा आकडा विम्याच्या हिशेबातून आला आहे. अमेरिकेत ३० दिवसांपैकी ७० टक्के रात्री निदान ४ तास वापर झाला तर तो पुरेसा धरतात. शरीराला असा हिशेब कळत नाही. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, त्यात घशाचे स्नायू सर्वांत सैल असतात आणि ऑक्सिजन सर्वांत खाली जातो. म्हणजे पहाटे मास्क काढला तर नेमक्या वाईट वेळी संरक्षण गेलं. लघवीला उठलात तरी परत आल्यावर पुन्हा लावा. नकळत काढत असाल तर त्यामागे बहुतेक वेळा हवा निसटणं, नाक चोंदणं किंवा त्या वेळी वाढलेला दाब असतो. मशीनच्या नोंदीत ते दिसतं. मशीनचं मेमरी कार्ड घेऊन या, अंदाज करत बसू नका.

नाक-घसा कोरडा पडतो. आणि थंडीत नळीतून चेहऱ्यावर पाणी येतं!

इंदूरच्या हवेत दोन्ही होणारच. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात ह्युमिडिफायर (पाणी तापवून हवा ओलसर करणारा मशीनचा भाग) वाढवा, डिसेंबर-जानेवारीत कमी करा. नळीतलं पाणी म्हणजे गरम ओलसर हवा थंड नळीत येऊन झालेले थेंब. नळी रजईच्या आतून घ्या, किंवा कापडी खोळ चढवा, मशीन डोक्यापेक्षा खालच्या पातळीवर ठेवा. गरम होणारी नळी मिळते, बजेट असेल तर घ्या. कूलरचा झोत नळीवर आणि चेहऱ्यावर येऊ देऊ नका. नाक आधीच चोंदलेलं असेल तर झोपण्याआधी मिठाच्या पाण्याचा स्प्रे, आणि तरी राहिलं तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. तोंड उघडं राहिल्याने हवा तोंडातून निसटत असेल तर पाणी कितीही वाढवा, घसा कोरडाच राहील. तिथे मास्क बदलावा लागतो.

ह्युमिडिफायरच्या टाकीत डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरिंगच्या पाण्याने टाकीच्या तळाला पांढरा थर बसतो. एखाद्या रात्री संपलंच तर आरओचं पाणी उकळून गार करून चालेल. सकाळी उरलेलं पाणी फेकायचंच, कोणतंही असलं तरी.

पोट हवेने फुगतं.

हवा गिळली जाते. डोक्याकडून पलंग थोडा उंच करा, रात्रीचं जेवण लवकर घ्या, आणि दाब तपासून घ्या. स्वतः सेटिंग बदलू नका.

लाइट गेली तर श्वास कोंडेल का?

नाही. नाकाचा मास्क असेल तर तोंड मोकळं असतं, आणि मोठ्या मास्कला एक झडप असते, ती दाब गेला की उघडते. बहुतेकांना जागच येते. ह्युमिडिफायर बंद ठेवला तर मशीन फार कमी वीज घेतं आणि घरच्या इन्व्हर्टरवर आरामात रात्र काढतं. खरा खर्च पाणी तापवण्याचा असतो. पावसाळ्यात व्होल्टेज नाचतं तिथे स्टॅबिलायझर किंवा चांगला स्पाइक गार्ड लावा.

धुवायचं कसं?

मास्कची सिलिकॉनची कड रोज सकाळी ओल्या कापडाने पुसा. आठवड्यातून एकदा मास्क, नळी, टाकी साध्या सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. उन्हात नको, सिलिकॉन पिवळं आणि ताठ होतं. डेटॉल, ब्लीच, अत्तर नको. हवेचा फिल्टर बघत राहा, काळपट झाला की बदला. रंगपंचमीच्या गेरच्या (रंगांच्या मिरवणुकीच्या) दिवशी खिडकी उघडी असेल तर मशीन झाकून ठेवा. गुलाल फिल्टरमध्ये बसतो. ओझोनने साफ करणाऱ्या पेट्या ऑनलाइन विकतात, त्या मी सुचवत नाही.

सेकंडहँड मशीन स्वस्तात मिळतंय. घेऊ का?

तुमची काटकसर मला समजते, नवीन मशीनची रक्कम पाच आकडी असते. पण आधी मॉडेल आणि सीरियल नंबर बघा. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आपली लाखो मशीन परत बोलावली, कारण आवाज कमी करणारा आतला फोम झिजून त्याचे कण हवेच्या वाटेत येऊ शकत होते. तसली मशीन अजूनही हातोहात फिरत असू शकतात. शिवाय मशीन किती तास चाललं आहे ते विचारा, मोटर त्यावर ठरते. मास्क, नळी, टाकी आणि फिल्टर मात्र नवीनच. विकत घेण्याआधी काही आठवडे भाड्याने मिळालं तर सर्वांत उत्तम, कारण तेवढ्यात मास्कही ठरतो.

विम्यात बसतं का?

तपासणी आणि मशीन यांचे नियम वेगवेगळे. घरी वापरायचं यंत्र कित्येक पॉलिसींत वगळलेलं असतं. खरेदीआधी कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. केंद्र सरकारी पेन्शनर असाल तर सीजीएचएसची (केंद्राच्या आरोग्य योजनेची) परवानगी आधी काढा, बिल मागून नेलं तर अडतं.

मास्कच्या पट्ट्यात चुंबक आहे. वडिलांना पेसमेकर आहे.

चुंबकाची क्लिप असलेला मास्क वापरू नका, बिनचुंबकाचा मागा. शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला पेसमेकर असेल तरी हेच लागू.

मशीनशिवाय काही इलाज नाही का?

आहेत, पण आजार किती आहे त्यावर ठरतं. सौम्य ते मध्यम असेल तर दंतवैद्य खालचा जबडा पुढे धरणारं साचेबंद उपकरण बनवून देतात. फक्त उताणं झोपल्यावरच त्रास होत असेल तर कुशीवर झोपायची सवय. टॉन्सिल मोठे असतील तर ऑपरेशन. वजन कमी करणं तर सगळ्यांसोबत हवंच. एका दीर्घ अभ्यासात १० टक्के वजन घटल्यावर एएचआय सुमारे २६ टक्क्यांनी कमी झालेला आढळला. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत टिर्झेपटाइड या इंजेक्शनला लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्नियासाठी मान्यता मिळाली. पण वजन उतरेपर्यंतच्या महिन्यांत घसा बंद होणं थांबत नाही, तोवर मशीन लागतंच. वजन बरंच उतरलं की पुन्हा तपासणी करा, काहींचं मशीन खरंच सुटतं.

रात्री अकराला सराफ्यात भुट्ट्याचा कीस आणि गराडू खाऊन बारा-साडेबाराला आडवं होणं, हे मी कुणाला बंद करा म्हणणार नाही, इंदूरमध्ये राहून ते शक्यही नाही. पण ते रोजचं नको. दारू आणि झोपेच्या गोळ्या मात्र घशाचे स्नायू आणखी सैल करतात. तिथे मी सवलत देत नाही.

मशीन लावल्यावर बीपीची गोळी सुटेल? हार्ट अटॅक टळेल?

बीपी थोडं उतरतं, ज्यांचं औषधांनी उतरत नव्हतं त्यांचं जास्त. गोळी स्वतः बंद करू नका. हृदयाबद्दल खरं सांगायचं तर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या सेव्ह नावाच्या मोठ्या चाचणीत मशीनमुळे हार्ट अटॅक किंवा पक्षाघात कमी झाल्याचं दिसलं नाही. त्यात लोकांनी मशीन सरासरी ३.३ तासच वापरलं होतं, तेव्हा पूर्ण रात्र वापरल्यास काय होईल यावर वाद चालू आहे. पेंग कमी होते, मन ताजं राहतं, गाडी चालवताना डोळा लागत नाही, हे मात्र नक्की. माझ्या मते तेवढंही पुरेसं कारण आहे.

पुण्याला भाचीचं लग्न आहे. सगळे हॉलमध्ये झोपणार, तिथे हे कसं लावू?

लावा. आजच्या मशीनचा आवाज घोरण्यापेक्षा कितीतरी कमी असतो, म्हणजे हॉलमधल्यांची झोप उलट सुधारेल. दोन-तीन रात्री सोडल्या की लक्षणं लगेच परततात, आणि लग्नाच्या दगदगीत तर झोप हवीच. प्लगजवळची कडेची जागा आधीच सांगून ठेवा, एक एक्स्टेंशन बोर्ड न्या. चार्जिंगसाठी तिथे मोबाइलवाल्यांची रांग लागलेली असते! रेल्वेच्या सॉकेटवर रात्रभर विसंबू नका. ते मोबाइल-लॅपटॉपसाठी असतात. विमानात मशीन हातातल्या सामानातच ठेवा, टाकी रिकामी करून, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. एअरलाइनला आधी कळवलं तर सोपं जातं.

दुसऱ्या कशाचं ऑपरेशन करायचं असेल तर?

मोतीबिंदूपासून गुडघ्यापर्यंत काहीही असो, भुलीच्या डॉक्टरांना ‘मला स्लीप ॲप्निया आहे’ हे पहिल्या भेटीतच सांगा आणि मशीन हॉस्पिटलमध्ये सोबत न्या. भूल आणि वेदनाशामकांनी घसा जास्त सैल पडतो.

पुन्हा कधी दाखवायचं?

मशीन घेतल्यावर पहिल्या आठवड्यातच एक फोन, आणि महिन्याभरात भेट. त्रास नसला तरी. येताना मशीनचं कार्ड किंवा मोबाइल ॲपमधला अहवाल, मास्क, आणि झोपेचा शेजारी, तिघांनाही घेऊन या. आम्ही बघतो ते वापराचे तास, निसटणारी हवा आणि मशीन लावलेलं असताना उरलेला एएचआय. तो ५ च्या खाली हवा. तास पुरेसे आहेत, आकडा चांगला आहे, तरी पेंग जात नसेल तर दुसरं काही आहे का ते शोधावं लागतं. वजन पाच-दहा किलोंनी बदललं, घोरणं परत सुरू झालं किंवा मास्कची कड सैल पडली तर वर्षाची वाट न बघता या.